व्याह्यांच्या शेळीला मांडे

मु. पो. चोपडा

राजमान्य राजश्री धनसिंगनाना व्याही यांस,

भाईदासचा रामराम. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? इकडे आमची पुष्पा, म्हणजे तुमची सून, खुशाल. तान्ही नात खुशाल. बाळंतिणीच्या दुधासाठी तुम्ही बारशाला आणून बांधलेली शेळीही आता खुशाल आहे. हा 'आता' का लिहावा लागला, तेच सांगायला बसलो आहे.

नाना, शेळीला काय घालावं हे आम्हाला कळत नाही असं नाही. पण ही पडली व्याह्यांकडची. तिच्यापुढे तुरीचं भुसकट टाकायला पुष्पाच्या आईचा, आमच्या सुंदरबाईचा, हात होईना. उद्या तुम्ही म्हणाल, चोपड्याच्या लोकांनी आमच्या शेळीला काटक्या चारल्या. म्हणून तुमची पाठ वळताच बारशाचे उरलेले पुरणाचे मांडे दिले, वर तूप. (तुपाला तिनं नको म्हटलं नाही, हेही नमूद करतो.) संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, रवंथ बंद. पुष्पा रडायला लागली आणि मी तुम्हाला कोणतं तोंड दाखवू या काळजीत पडलो.

शेवटी जुना उपाय काढला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या तोंडातला घास काढून आजारी जनावराला द्यायचा. शेजारच्या धनीबाईची मेंढी निवांत चघळत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. घास वर आला की मी हात घालायचो आणि ती गिळून मोकळी. धनीबाई म्हणाली, "भाऊ, मन्ही मेंढीना तोंडना घास काढतस का?" अखेर मिळाला, तो शेळीला भरवला. (बोट चावलं गेलं, ते सोडा.)

मागोमाग गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी शेळीला तेल पाजलं आणि मला झाडलं. म्हणाले, तिच्या मोठ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. काडी, भुसकट, पाला तेच मुरवतात. गोडधोड घातलं की त्यांचा गोंधळ उडतो. मेंढीच्या घासातून मी ते जीवच पाठवले, तेवढं मात्र बरं केलं म्हणे. म्हणजे एका पाहुणीचा मान राखताना आम्ही तिच्या पोटातले लाखो पाहुणे उपाशी ठेवले. मग कडबा आणि बोरीचा पाला सुरू केला. सकाळी ती चघळायला लागली, तेव्हा इतका आनंद झाला की सुंदरबाईनं गल्लीत साखर वाटली.

तर नाना, सव्वा महिना सरला म्हणून तुम्ही सोमवारी सगळ्यांना न्यायला येणार, ते जरा लांबवा. शेळीच्या पोटातल्या जिवांना तुमच्या पिंपळनेरपर्यंत एसटी सोसायची नाही.

आपला,
भाईदास

ता.क. तुम्ही दिलेली पाळण्याची अंबाडीची दोरी काल शेळीनं खाल्ली. पचवलीसुद्धा.

ता.क. दुसरा: म्हणजे शेळी ठणठणीत आहे, हे तुम्ही ओळखलंच. ती सोमवारी खुशाल न्या. नातीला मात्र दिवाळीपर्यंत राहू द्या. रोज दुपारी ती माझं बोट धरून झोपते. मेंढीनं चावलेलंच नेमकं, पण मी सोडवत नाही.