सैल केलेली रिंग

दादा,

काल वहिनीने तुझी गाडी माझ्या गॅरेजवर पाठवून दिली. "दारात उभी दिसते, भावजी, बघवत न्हाय," फोनवर म्हणाली. तुला जाऊन दीड महिना झाला. तोवर मी त्या गाडीजवळ फिरकलो नव्हतो. खरं सांगू? दुःखाने नाही, रागाने. तू गेलास, पण तुझ्यावरचा माझा संशय जात नव्हता. तो काल गेला, म्हणून लिहायला बसलोय.

पुण्याच्या रायडरकडून ही डर्ट बाईक आणली तो दिवस आठवतो? टेमघरला आपल्या अंगणात तुला हेल्मेट, बूट, छातीचं गार्ड असं सगळं चढवून गाडीवर बसवलं होतं. आई हसत होती, "लगनान पन यवरा नटला नव्हता!" तुझ्या वजनाने मागची बाजू किती दबते ते मी टेपने मोजलं. चार इंच हवी. जास्त दबली तर उडीनंतर गाडी खाली आपटते, कमी दबली तर खड्ड्यात रायडरला उडवते. शॉकअॅब्सॉर्बरच्या स्प्रिंगवरची रिंग मी अर्धा-अर्धा फेरा आवळत बसलो होतो. शहात्तर किलोच्या माणसासाठी. तुझ्यासाठी!

मग एका रविवारी ती रिंग सैल दिसली. मी आवळली. पुढच्या रविवारी परत सैल! वर तिला जखडणारा लॉकनट असताना रिंग आपोआप कशी फिरेल? मी नटावर नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवली. आठ दिवसांत रेघ तुटलेली.

"गाडीला कोणी हात लावला?"

"कोनी न्हाय."

"मग बस वर, मोजतो."

"आता येल न्हाय, मन्या."

दर वेळी तुला वेळ नसायचा. का रे?

रिंग सैल करतात ती हलक्या रायडरसाठी. आणि हलका कोण? कापडाच्या लूमवाल्यांचा अस्लम, प्रत्येक रेसमध्ये तुझ्या पुढे-मागे असणारा. त्यात एका मंगळवारी, तू ड्युटीवर असायला हवास तेव्हा, तुम्ही दोघं मला अंबाडी नाक्यावर चहा पिताना दिसलात. मला बघून तू तोंड फिरवलंस. बस, माझा हिशेब पक्का झाला. माझी सेटिंग तू त्याला देतोस, गाडीसुद्धा देतोस.

दिघाशीच्या रेसला चार लोकांसमोर मी तुला विचारलं, "भावाची मेहनत वाटत फिरतोस काय?" हेल्मेट उचललंस आणि गेलास. मी रेस न बघता निघून आलो. त्यानंतर आपण बोललो ते थेट हॉस्पिटलात. तिथेही तीनच आठवडे. पोटाचा आजार अचानक उद्भवला, असंच आम्ही सगळे समजलो.

काल अस्लमला बोलावून घेतलं. चोर पकडायचा होता ना मला! म्हटलं, स्वतःचं हेल्मेट, स्वतःचे बूट घालून बस या गाडीवर. तो बसला. मी मोजलं. साडेतीन इंच. पुन्हा मोजलं. साडेतीनच. हवी चार; म्हणजे गाडी त्याच्यासाठी लावलेली नव्हती. त्याच्यापेक्षा जड, आणि रिंग सैल म्हणून तुझ्यापेक्षा हलका, असा कोण तिसरा?

"कोण बसायचं हिच्यावर?" मी ओरडलोच.

अस्लम खाली उतरला. "मनोज, दुसरा कोणीच नाय. उसी के लिए सेट है."

"तो शहात्तरचा होता!"

"आखिर में बासठ का था. माझ्याकडे कापडाच्या काट्यावर उभा राहायचा, मग पाना मागायचा."

दादा, मी टेप बाजूला ठेवली आणि त्याला सगळं विचारलं.

मग एकेक बाहेर आलं. तू जाण्याच्या आठ महिने आधीच मुंबईच्या डॉक्टरने पोटाचं ऑपरेशन सांगितलं होतं. तू म्हणालास, सीझन संपू दे. मंगळवारी अस्लम तुला वाडा तालुक्यातल्या वैद्याकडे न्यायचा. आणि मला का सांगायचं नाही? "मन्या गाडीला कुलूप लावेल."

लावलंच असतं! तुला उचलून दवाखान्यात नेलं असतं. त्याचीच भीती होती ना तुला?

आणि मी काय करत होतो? तू सैल करायचास, मी परत आवळायचो. ती कडक गाडी उडीउडीला तुझ्या दुखऱ्या पोटात दणके देत असेल, आणि मी हातात टेप घेऊन चोर शोधत होतो. भावाचे गाल बसलेले दिसत होते, पण रेससाठी भात सोडलाय, हे तुझं उत्तर मी कसं गिळलं?

तुलाही सोडत नाही मी. काट्याला कळलं, अस्लमला कळलं. वहिनीने काय घोडं मारलं होतं? काल गाडी पाठवताना तिने मला फोनवर हळूच विचारलं, "मंगलवारी कुठं जायचं हो ते? दुसरी कोन होती का?" मी गाडीचं काहीतरी बोलून फोन ठेवला. मलाही तेव्हा तुझी खात्री नव्हती.

अस्लम जाताना म्हणाला, "भाभी को मत बताना, मला कसम घातलीय त्याने." असेल. मला नाही घातलीस.

उद्या सकाळी अस्लमला घेऊन मी वहिनीकडे जातोय. वैद्य, डॉक्टर, काटा, सगळं सांगणार. ती रडेल, तुझ्यावर भयंकर चिडेल. चिडू दे! नवऱ्यावर चिडून रडली तरी चालेल, पण त्याच्यावर संशय घेत तिला आणखी एक दिवस काढू देणार नाही. एवढा शब्द देतो.

तुझा,
मन्या