कौसल्याबाईचं पथ्य

पांढरकवडा
८ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस,
साधनाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि आईच्या हाती फोन दिला की ती बरी आहे एवढं सांगून ठेवून देते. म्हणून आपली जुनी रीत बरी, असं ठरवून शाळा सुटल्यावर लिहायला बसले.

संघदीपनं आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मोबाईलवर पाठवला. कापूस वेचणीपासून तिच्या अंगावर पित्त उठतंय, रात्रभर खाजवते, पाठीवर गांधी येतात, हे तो मला सांगतच होता. रिपोर्टात सतरा वस्तूंपुढे खूण आहे. तूरडाळ, वांगी, शेंगदाणे, गहू, दूध, अंडी, टमाटे, तीळ, झिंगे आणि आणखी कायकाय. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांची तारीख मार्चमधली मिळाली आहे. तोवर हे सगळं बंद करा. तिचा तवा आणि कढई वेगळी ठेवा. पुड्याचं काही आणलं तर मागचं बारीक अक्षर वाचा. विमल आत्यालाही सांगून ठेवा, ती वाटी भरून पाठवल्याशिवाय राहत नाही.

आई चोरून खाईल. तुम्ही एसटीत एवढी वर्षं बिनतिकीटवाले पकडले, तसं तिच्यावर लक्ष ठेवा.

तब्येतीला जपा. मुलीवरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
साधना


नेर
२ फेब्रुवारी २०२४

चि. साधनास,
बाबाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. तुझे पत्र पोचले.

तू सांगितल्याप्रमाणे सतराही नावे मोठ्या अक्षरात लिहून चुलीमागच्या भिंतीला चिकटवली आहेत. स्वयंपाक आता मी करतो. भात, ज्वारीची भाकर, मुगाचे पाणी, दोडके, परत भात. पहिल्या दिवशी भाकर थापली तर तुझ्या आईने तिच्याकडे पाहून हा कोणत्या तालुक्याचा नकाशा म्हणून विचारले. तेवढे हसली. त्यानंतर फार हसली नाही.

तिच्यासमोर वरण ओरपणे मले जमेना, म्हणून मीही सोडले. तुझा भाऊ संघदीप बाहेरच खाऊन येतो. घरात तिघे आणि तिघांचे जेवण एकत्र नाही, असे पहिल्यांदाच होत आहे.

कळंबला भावसिंगच्या मुलीचे लग्न होते. माझा जुना ड्रायव्हर, त्यामुळे जाणे भाग होते. तुझी आई घरचा डबा घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात बसली. बायका येऊन विचारत की आमच्या हातचे काहून चालत नाही. ती दरेकीला पित्ताचे सांगत होती, पण तोंडे पडलेली मी पाहिली. आपल्या लोकांनी हाच प्रश्न दुसऱ्यांना किती विचारला आहे, तुला सांगायला नको. परत येताना गाडीत ती म्हणाली की खाज सोसते मले, पण पंगतीतून उठवल्यासारखं नाई सोसत.

आणि एवढे करून गांधी उठतातच. काल मानेवर होत्या. वजनही उतरले आहे, बांगड्या कोपरापर्यंत जातात. आम्ही चुकतो कुठे ते कळव.

पत्र लवकर टाक. वाट पाहतो.

तुझा,
बाबा


पांढरकवडा
१० फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून कशात जीव लागेना. पण गांधी उठतात याचा अर्थ कुठूनतरी काहीतरी पोटात जातंय, असंच मला वाटतं. मसाला एकदा घरीच कांडून पाहा. गिरणीतलं पीठ गव्हाच्या पाठोपाठ दळलेलं असेल, तेही पाहा. थोडी कळ सोसा, मार्च काही लांब नाही. आईला म्हणावं, रागवायचं तर माझ्यावर रागव, पण तोंडात काही टाकू नको.

दहावीच्या परीक्षेची तयारी सुरू आहे, त्यामुळे लगेच येता येत नाही. तुम्ही मात्र जेवण सोडू नका. दोघांनी उपाशी राहून कोणाचं पित्त जाणार आहे?

आहे तसा लोभ राहू द्या.

साधना


नेर
२८ फेब्रुवारी २०२४

चि. साधनास,
आशीर्वाद व जयभीम.

तू दवाखान्यात येऊन आईला पाहून गेलीस. पण खरे काय झाले ते मी वॉर्डात सांगितले नाही. कान गेलेल्या माणसाने मोठ्याने बोलायचे आणि सगळ्या खाटांनी ऐकायचे, ते नको वाटले. म्हणून लिहितो.

तुझी आई पंधरवड्यापासून लपून जेवत होती. आधी चमचाभर वरण खाल्ले, काही झाले नाही. मग वांग्याची फोड, मग पोळी. काहीच झाले नाही. तेव्हा तिने धरून चालले की कागद खोटा आहे आणि आपण उगीच उपाशी मरून राह्यलो. त्या दिवशी विमलकडे गेली. विमल झिंग्याची चटणी करत होती. विमलने विचारले की वहिनी, तुले चालते का? तर हिने सांगितले की डॉक्टरने सगळे उघडून दिले.

दोन घास खाल्ले असतील. ओठ सुजले, आवाज बसला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. विमल ओरडत रस्त्यावर आली. संघदीप मालाचा टेम्पो घेऊन घरीच होता म्हणून वाचलो. तालुक्याच्या दवाखान्यात मांडीत सुई दिली, मग यवतमाळला नेले. वाटेत मी तिचा हात धरून होतो. तिचा श्वास मले ऐकू येत नव्हता, म्हणून सारखा छातीवर हात ठेवून पाहत होतो.

तू गेल्यावर सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवले आणि माझ्यासाठी पाटीवर लिहून दाखवले. रक्तात खूण दिसली म्हणजे ती वस्तू बाधतेच असे नाही. खाल्ल्यावर काय होते, किती वेळात होते, त्याच्याशी जुळवून पाहावे लागते. त्यांनी खोदून विचारले तेव्हा तुझ्या आईला आठवले की मागेही झिंगे खाल्ल्यावर ओठ चुरचुरले होते, तिने मिरचीवर ढकलले. झिंगे आता जन्मभर बंद. झिंग्यांना लागलेला चमचाही दुसऱ्या भाजीत नको. बाकीच्या वस्तू त्यांच्या सांगण्याप्रमाणे एकेक करून परत सुरू करायच्या. रोजच्या गांधींचा खाण्याशी संबंध दिसत नाही, त्याला रोजची गोळी आहे, आणि वेळ जावा लागेल. पुन्हा घसा धरला तर घरी वाट पाहायची नाही, थेट दवाखाना.

म्हणजे एकच नाव खरे होते, आणि आपण त्याला सोळांच्या गर्दीत उभे केले.

विमलला मी सांगितले आहे की माझ्या दारात येऊ नको. सख्खी बहीण आहे, पण तिचे तोंड पाहवत नाही.

जपून राहा. म्हाताऱ्याची आठवण ठेव.

बाबा


पांढरकवडा
७ मार्च २०२४

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वर्गात घेऊन गेले आणि मुलांना गणितं देऊन खिडकीशी वाचलं. सगळंच बंद करा, हे लिहिणारी मी. डॉक्टरांना दाखवण्याआधीच मी डॉक्टर झाले. जेवण चालू असतं तर आईला लपून खावं लागलं नसतं, आणि कोणत्या नावाला भ्यायचं ते तिला कळलं असतं. तेव्हा राग करायचा तर तो आत्यावर नको.

आत्यानं विचारलं होतं, बाबा. ती विचारूनच वाढत होती. आईनं हो म्हटलं, त्याला ती काय करणार? संघदीप सांगत होता की तेव्हापासून तिच्या घरी चूल नीट पेटत नाही, शेजारची हंसाबाई भाकर नेऊन देते. तुम्ही दोघं भावंडं एवढीच उरलात. दार उघडा.

भिंतीवरचा कागद मात्र काढून टाका. एकच नाव लिहा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवा.

माझ्यावर रागावला असाल तरी पत्र बंद करू नका.

साधना


नेर
१७ एप्रिल २०२४

माही बाई साधना,
आईचा जयभीम आन् लय लय माया. चौथीपर्यंतची शिकलेली हो मी, अक्षर पाहून हासू नको.

तुह्या बापाले लिहू देल्लं नाई, म्या म्हटलं यावेळी मी लिहितो. माही तब्येत ठीक हाये. वरण खातो, वांगं खातो, पोळी खातो. शेंगदाण्याची पाळी अजून यायची हाये, डॉक्टरीणबाई दवाखान्यात बसवून देणार हाये. गांधी उठते कधी कधी, गोळी घेतो. कुठं जेवाले गेली का आधी विचारतो की झिंग्याचा चमचा यात गेला का. पयले लाज वाटे. आता वाटत नाई.

तुह्या बापानं विमलचं नाव टाकलं होतं. लय समजावलं, आयकलं नाई. कान नसल्याचा फायदा घेते तो. म्या वाट पाह्यली जयंतीची. जयंतीले बुद्धविहारात सारा मोहल्ला जमला, विमल आली नाई. दुसऱ्या दिवशी मी एकटीच तिच्या घरी गेली. दार लोटलेलं होतं. मले पाह्यलं तर भिंतीले टेकून उभीच राह्यली, ये म्हणाची हिंमत होईना. म्या सांगतलं का खोटं मी बोलली होती, तू नाई. मंग सांगतलं का मले भूक लागली, जेवाले वाढ.

ते रडाले लागली. म्हणे माह्या हातचं आता कोनाले देत नाई मी. म्या बसकर टाकून बसून गेली. मंग तिनं भांडे दोनदा घासले, हात घासले, डाळ टाकली, भाकरी केल्या. ताट माह्यापुढं ठेवलं आन् समोर बसली. एकेक घासाले माह्या ओठाकडं पाहे, गळ्याकडं पाहे. तिचं ताट तसंच थंड होऊन राह्यलं होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. तुहा बाप. मले शोधत आलता. उंबऱ्याबाहेरच थांबला. म्या जेवत राह्यली. लय वेळ उभा होता. मंग चपला काढल्या, आत आला, माह्या बाजूले बसला, आन् बहिणीले म्हणे का मलेही भाकर टाक.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ये. आईले इसरू नको.

तुही आई,
कौसल्या