कोपऱ्यातले मिस्टर

सोमवार, ३ मार्च
मिस्टर गेले त्याला दीड वर्ष झालं. त्यांचा लॅपटॉप तेव्हापासून कपाटात. लेक रविवारी येऊन तो भंगारात नेणार. आतले फोटो तिने काढून घेतलेत. पण त्यांच्या बोटांनी कीबोर्डवरचे ए आणि एस पार पुसून गेलेत, ते कसे काढून घेणार? वाचनालयातून लिनक्सचं पुस्तक आणलं. विंडोजच्या जागी बसवायचं, फुकट असतं. जुन्या यंत्रावरही पळतं म्हणे. चालू करून दाखवला तर राहील, असं लेकीकडून कबूल करून घेतलं. सहा दिवस आहेत. दोन पुरतील.

मंगळवार, दुपारी
लिनक्स बसलं. पासवर्ड इंग्रजीत, सोपा. लगेच कीबोर्डला मराठी जोडली. हे पुस्तकात पान ९४ वर आहे, मी दुसऱ्याच दिवशी गाठलं. लेकीला फोनवर सांगितलं. म्हणाली, आई, आधीची त्र्याण्णव वाचलीस का? अगदी बापासारखं बोलते.

बुधवार
सुरू केला. पासवर्ड चुकीचा म्हणतो. चुकलेला नाही. टिंबं मोजली, आठच्या आठ. सगळं पुसून पुन्हा बसवलं, पुन्हा मराठी जोडली. संध्याकाळी तेच.

शुक्रवार
चौथ्यांदा बसवलं. इतका सराव फार थोड्यांना असेल.
कारण सापडलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एम आर' लिहिलंय. म्हणजे मिस्टर. चार वेळा पुसूनही यंत्र अजून त्यांनाच मालक समजतंय, मला कसं आत घेईल? मी त्यांच्यावर रागावणार होते, पण जमलं नाही. तसाच चालू ठेवून कणीक मळायला घेतली. बरं वाटलं.

शनिवार
आज हात लावला नाही. यंत्राला सावकाश कळू द्यावं.

रविवार, ९ मार्च
लेक आली. तिला कोपरा दाखवला, मिस्टरांचं सांगितलं. आधी खूप हसली. मग म्हणाली, अगं आई, एम आर म्हणजे मराठी. तू इंग्रजी पासवर्ड मराठीत टाइप करतेयस, टिंबांत दिसत नाही इतकंच. तिने कोपऱ्यात एकदा क्लिक करून इंग्रजी आणलं, तोच पासवर्ड टाकला आणि उघडला. मी म्हटलं, मला शंका होतीच.
लॅपटॉप राहिला.
जाताना ती पासवर्डच काढून टाकून गेली. तुझ्या सोयीसाठी, म्हणे. आता तो कोणीही उघडू शकतं. या घरात कोणीही म्हणजे मीच.