पेटीतली जागा

८ जानेवारी

पेटी भरली! सकाळी टीव्हीवर चित्रं बघायला गेलो तर वर लाल पट्टी— जागा शिल्लक नाही. चित्रं यायची थांबली तेव्हा मला वाटलं पोरानंच बंद केलं. आणि इथे आमच्याच घरात दार बंद!

चार डिस्कची ही पेटी पोरानं, तिलेकनंच बसवली. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमधलं चित्र आपोआप तिच्यात येऊन पडतं. मग आमचं भांडण झालं. तो धाकटा. धाकट्यानं आईबापाची चूल सांभाळायची, घर त्याचं— आमच्या काराकोल शहरात शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. याला मॉस्कोला जायचं होतं. मी म्हणालो, "या फाटकाबाहेर पाऊल टाकलंस तर परत आत यायचं नाही." टाकलं.

त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. पण भांडण झालंय हे त्याच्या फोनला कोणी सांगितलंच नाही! तिकडे त्यानं टिपलं की इकडे पेटीत हजर. गोदामाचं दार. बर्फात अडकलेली बस. वाटीभर शेवया. कोणाचं तरी मांजर. मी रोज बघतो. बायकोला, बुरुलला सांगितलेलं नाही. तिला सांगितलं की ती लेकीला सांगणार, लेक त्याला कळवणार, आणि तो हे बंद करणार.

शेवटचं चित्र: दवाखान्यातला लांबलचक बोळ. पुढे त्याचेच पाय. एका पायात बूट, दुसऱ्यात नाही.

९ जानेवारी

लेकीला, बेगिमायला सहज विचारल्यासारखं विचारलं, भाऊ कसा आहे? "आत्ताच मेसेज केला होता. 'ठीक' म्हणाला." बस, एवढंच. एका बुटात कसला ठीक!

मग सलामतकडे. माझ्या टायरच्या दुकानाला लागून त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. म्हणालो, जुनं थोडं पुसून जागा कर. तो थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "बाइके, पुसायला तिलेकचा पासवर्ड लागेल. मी तो मोडून नवा घालीन, पण मग त्याचा फोन बाहेर फेकला जाईल. परत तो स्वतः आत आला तरच."

"मग नको!"

"दुसरा रस्ता म्हणजे मोठ्या डिस्क. एक काढायची, तिच्या जागी मोठी घालायची. उरलेल्या तिघी मिळून गेलेलीचं सगळं नवीला सांगतात. ते झालं की पुढची. चौघी बदलल्या की जागा आपोआप वाढते. फक्त एक— एकीचं चालू असताना दुसरी मेली, तर सगळंच गेलं. एवढं काय आहे हो आत?"

"लग्नांचे व्हिडिओ."

"लग्नांचे! एवढं तर वधूचा बापही जपत नाही."

जाता जाता विचारलं, जागा झाल्यावर अडकलेली चित्रं येतील? म्हणाला, येतील, फोनला ओळखीचं वायफाय मिळालं की.

१३ जानेवारी

कोळशाचा ट्रक वळताना फाटकाबाहेरच्या हंसाला लागला. जुन्या टायरचा, मीच कापून रंगवलेला. मान मोडली. ड्रायव्हर म्हणतो, "बाइके, बदक मेलं तुमचं." बदक!

१४ जानेवारी

बिश्केकहून डिस्क आल्या. पहिली बदलली. पेटी रात्रभर कुरकुरत राहणार म्हणे.

१५ जानेवारी

पहिली झाली. हिरवा दिवा. दुसरी घातली.

संध्याकाळी चहा पिता पिता कान टवकारले. कुरकुर ठीक आहे. पण तिच्या मागे— टक. थांबते. टक टक.

सलामतला बोलावलं. "सगळे दिवे हिरवे आहेत, बाइके."

"दिवे नको बघू. ऐक."

त्यानं कान लावला. "काही नाही."

बाजारात मोजे विकायचो तेव्हापासून मी कानावर जगलो आहे. पाठीमागे दोन व्यापारी कुजबुजले की उद्याचा भाव कळायचा. पुढे गाड्या आल्या. फाटकातून शिरायच्या आधी सांगायचो, हिचं बेअरिंग जाणार. ही चौथी डिस्क जाणार आहे. जुनी. आणि दुसरीचं काम चालू असताना तिला हात लावता येत नाही.

१६ जानेवारी

आजचा दिवस शत्रूलाही नको.

बेगिमायचे सासू-सासरे येणार होते. आधीच ठरलेलं, टाळता येत नाही. मेंढी कापली. मी दुपारपर्यंत दुकानात. आलो तो व्याही घरात बसलेले, दारासमोरच्या मानाच्या जागी. त्यांच्या मागे भिंतीतल्या कोनाड्यात पेटी असते. पेटी दिसेना!

दिसणार कशी? बुरुलनं कोनाड्यात घरातल्या सगळ्या रजया रचल्या होत्या, छतापर्यंत. विहीणबाईंना दिसायला नकोत का— आमच्या घरी किती रजया आहेत, किती मखमल आहे! आणि या ढिगाखाली माझी पेटी, गुदमरून.

"म्हातारे, या कोणी ठेवल्या?"

"मी. ते लाल-हिरवं लुकलुकणारं पाहुण्यांसमोर बरं दिसतं का?"

मी व्याह्यांच्या डोक्यावरून वाकून रजया उपसायला लागलो. एक त्यांच्या मांडीवर पडली. हात आत घातला— पेटी तंदुरातून काढलेल्या नानसारखी! दिवा केशरी. टक टक टक. सलामतला फोन केला, "बंद करू?" तो ओरडला, "अजिबात नको! गार करा!"

गार करा! मी खिडकी उघडली. बाहेर उणे वीस. ताटातली चरबी बघता बघता थिजली. व्याह्यांच्या हातात मानाचं मेंढीचं डोकं, ते तसंच धरून माझ्याकडे बघतायत. विहीणबाई म्हणाल्या, "शार्शेन, आम्ही उठावं असं असेल तर तोंडानं सांगा."

"नाही हो, विहीणबाई! घरात फार गरम होतंय, म्हणून."

"हो का?" त्यांनी शाल कानावरून घेतली.

ते कोट घालून जेवले. बेगिमाय लाजेनं लाल. मी पेटीजवळ उभा, पंखा हलवणाऱ्या नोकरासारखा तळलेल्या बोरसोकचं रिकामं ताट हलवत. चहाचा शेवटचा पेला न पिताच पाहुणे गेले.

मग बुरुल माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. "आता बोल, म्हाताऱ्या. आत काय आहे?"

बोललो. टीव्ही लावून दाखवलं. बस, शेवया, मांजर. ती त्या एका बुटाच्या चित्रापाशी आली तेव्हा उठून पडद्याला हात लावला. मला वाटलं रडेल.

"एवढे महिने तू एकट्यानं खाल्लंस," ती म्हणाली. "बाजूला मी उपाशी बसले होते."

आमच्यात माणसाला याहून मोठी शिवी नाही.

१७ जानेवारी

दुसरी झाली! चौथी अजून जिवंत. सलामत म्हणाला आता तिसरी. मी म्हणालो, नाही, आधी चौथी. कुरकुरत का होईना, त्यानं ऐकलं.

बुरुल पेटीपाशी स्टूल टाकून बसली आहे, लोकर कातते आहे. रजया बाहेर व्हरांड्यात.

१८ जानेवारी

चौथी झाली. काढलेली डिस्क सलामतनं दुकानात नेऊन वेगळी तपासली. दुपारी स्वतः आला, दारातच टोपी काढली. "बाइके, लावली आणि फिरलीच नाही. मेली."

"हातात मेली?"

"हातात. तुमचे कान मला विका."

म्हणालो, डोक्यासकट घ्यावे लागतील.

१९ जानेवारी

तिसरी चालू. वीज एकदा लुकलुकली. बुरुलनं माझा दंड असा धरला की वळ उठला. गेली नाही.

२० जानेवारी

जागा झाली! लाल पट्टी गेली. पेटीत आता एवढी जागा की अख्खं मॉस्को मावेल.

काहीही आलं नाही.

२२ जानेवारी

काही नाही. जेवताना टीव्ही चालूच. आम्ही दोघं पडद्यावर तोच बोळ, तोच बूट बघत जेवतो. सलामतला विचारलं तर म्हणतो, "फोन हरवला असेल. बंद केलं असेल. किंवा ओळखीचं वायफायच नसेल जिथे आहे तिथे."

तिथे म्हणजे कुठे?

२३ जानेवारी

बुरुल म्हणाली, "पेटीला कान लावतोस, तसा फोनला लाव की."

"तो करील आधी."

"तुझ्या हंसाची मान मोडली, तुझी मोडत नाही."

दुपारी लावला. त्याचा नंबर मला पाठ आहे हे मलाच माहीत नव्हतं.

बंद.

२४ जानेवारी

सकाळी बंद. दुपारी बंद. बेगिमायच्या मेसेजलाही उत्तर नाही. 'ठीक'सुद्धा नाही. आज बुरुलनं लोकर हातात घेतली नाही.

२५ जानेवारी

दुपारी चहा घेत होतो. पेटी घरघरली. कान म्हणाला, काहीतरी आत येतंय! टीव्हीवर चित्रं धो धो कोसळत होती. इतकी भराभर कधीच आली नव्हती. प्लास्टर. कुबड्या. विमानाची खिडकी. आणि शेवटी एक निळं फाटक, बाजूला बर्फात टायरचा हंस— मान मोडलेला!

ओळखीचं वायफाय.

बुरुल मोज्यांवरच धावली. पण कडी मीच काढायची होती. तिनं वाट दिली. तो बाहेर कुबड्यांवर उभा, उंबऱ्याच्या पलीकडे हातभर, फोन हातात. किती वेळ उभा होता कोण जाणे.

म्हणालो, "तिथे रेंज कमी येते. आत ये."