गोष्टीनंतरचं वाक्य

माझ्या तोंडची गोष्ट पुस्तकात छापलीस आणि शेवटचं वाक्य तेवढं गाळलंस, तुला काय म्हणू?

शहाण्या नातवा, आशीर्वाद.

काविळीच्या माणसापाशी बसून मी सूर्याच्या पिवळ्या पडलेल्या लेकीची गोष्ट सांगायचे. ती संपली की पापणी ओढून डोळा बघायचा, आणि तिसऱ्या दिवशीही पिवळेपणा हटला नाही तर सरळ डॉक्टर. हे तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, "आजी, हे काही पुराणात येत नाही." मग माणूस काय पुराणात आजारी पडतो?

ताईची टिकली पिवळी पडली त्याला आज पाचवा दिवस. शाळेत पोरं शिकवणारी ती, स्वतःच्या लेकीच्या उशाशी तुझं पुस्तक वाचत बसलीय. टिकलीच्या पोटात सकाळपासून घोटभर पाणी ठरलेलं नाही. मी म्हटलं, "दवाखान्यात चल गं." तर म्हणते, "आजी, सगळं तुझंच तर आहे. यात डॉक्टरचं कुठं लिहिलंय?"

खरं सांगायचं तर ते वाक्य मीही हळूच बोलायचे. गोष्टीचा मान जाईल असं वाटायचं.

आता पोर हाकेला डोळे उघडत नाही. शेजारचा ड्रायव्हर गाडी काढतोय, तेवढ्यात हे लिहितेय. ताई आडवी आली तर तिलाही ढकलीन. पत्र पेटीत टाकणं होणार नाही, माझ्या उशीखाली ठेवतेय; तू आलास की ड्रायव्हर तुला सांगेल.

टिकली उठून बसली की विचारील, गोष्ट अर्धीच का छापली. तिला उत्तर मी देणार नाही, ताईही नाही. तू द्यायचंस.

तुझी आजी