प्रज्ञाने बोलावं म्हणून

१४ जुलै ९७, सोमवार
ट्रेनिंग संपलं एकदाचं. दहा दिवस तारनाका ते सिकंदराबाद बसचे धक्के, पाठीचा भुगा. बोलण्यात, भाषेत मागे पडणाऱ्या मुलांना वर्गात कसं सांभाळायचं, हे शिकले. आवडलं, खोटं कशाला बोलू. पण मलाच का पाठवलं तेही कळतं. कायम झालेल्या बायका नाही म्हणू शकतात. माझी ऑर्डर अजून हेडबाईंच्या (यापुढे हे.बा., हात दुखतो) खणात पडून आहे. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर बाकी अकरा जणींना मी शिकवायचं. ऐकणार आहेत त्या माझं!

१९ जुलै, शनि.
आठ जणी आल्या. दोघी मेथी निवडत होत्या. सांगितलं : मुलाला काही विचारलं की मनात दहा आकडे मोजा, तोवर थांबा. बोल बोल म्हणून मागे लागू नका. चारचौघांसमोर उभं करून तर मुळीच नको, त्याने मूल जास्त मिटतं. थांबायचं म्हणजे किती ते त्यांना कळेना, म्हणून बोटं वर करून मोठ्याने मोजून दाखवलं.
सरला (तेलुगू आहे, यंदाच लागली, नव्या इंग्लिश पहिलीची वर्गशिक्षिका) म्हणाली, "मॅडम, बावन बच्चे हैं. एक एक के वास्ते गिनते बैठी तो पोर्शन कब होता?" हसून वेळ मारून नेली.

२३ जुलै, बुध.
सरलाच्या वर्गात मागे बसले. तिने प्रज्ञाला उभं केलं, तक्त्यावरचा आंबा दाखवला, "व्हॉट इज धिस?" आणि एक बोट वर केलं. लगेच सगळा वर्ग एका सुरात, "वन! टू! थ्री!..." टेनला टाळ्या. आमच्याकडे प्रार्थनेपासून पाढ्यांपर्यंत सगळं सुरात, हेही तसंच. प्रज्ञा बाकाकडे बघत उभी. सरला खूश, "देखे मॅडम? पूरा दस तक रुकी मैं."
हसावं की रडावं. मनात म्हटलं होतं मी, पण बोटं वर करून मोठ्याने मोजलं कोणी? मीच.
प्रज्ञा सहा वर्षांची. जूनपासून शाळेत एक शब्द नाही. लोक नांदेडकडचे, वडील कोटी भागात एका ऑफिसात अटेंडर, म्हणजे शिपाई. मराठी पहिली यंदा बंद झाली, कोणाला नकोच आहे. सगळ्यांची मुलं कॉम्प्युटरवर बसायची आहेत. म्हणून ही पोर इंग्लिशमध्ये.

२६ जुलै, शनि.
मोजणं बंद करायला सांगितलं, सरला हिरमुसली. मग सगळ्या वर्गांतून विचारून 'मदत लागणारी मुलं' अशी यादी केली. चार नावं, चारही पहिलीची. हे.बा. म्हणाल्या, माझ्याकडे राहू द्या. मला वाटलं, चला, कोणीतरी मनावर घेतंय. मूर्ख बाई मी.

२९ जुलै, मंगळ.
हे.बां.नी बोलावलं. यादी समोर, प्रत्येक नावापुढे लाल खूण. "इंग्लिश मीडियमचं पहिलं वर्ष. पालक बघताहेत. ही चार मुलं आपल्याला झेपणारी नाहीत, कमी करू. तुम्हीच शोधलीत, ट्रेनिंगही तुमचंच, सही तुम्हीच करा." मग अगदी गोड आवाजात, "तुमची ऑर्डर पण या महिन्यात काढू म्हणते."
कागद हिसकावून घ्यावासा वाटला. "थोडं निरीक्षण करते," म्हटलं आणि बाहेर आले. मुलांना मदत मिळावी म्हणून केलेली यादी.

१ ऑग., शुक्र.
प्रज्ञाच्या घरी गेले. सुलतान बाजारात, कापडवाल्यांच्या मागे, वरची एक खोली. जिन्यातच आवाज आला. "ए, चुप बैठ! पुस्तक काढ म्हनलं ना? फिंगर ऑन युवर लिप्स! नक्को रोऊ, मारनार न्हाई." धाकट्या बहिणीची शाळा घेत होती. मराठी, हिंदी, इंग्लिश सगळं एकात, आणि काय तो रुबाब! मी जिन्यातच उभी राहिले. डोळे भरून आले.
आत पाऊल टाकलं आणि चिडीचूप. आईच्या मागे जाऊन लपली.
आई म्हणाली, "दिवसभर टकळी चालू असती मॅडम. तुमाला बघून गप झाली. साळंत बोलत न्हाई व्हय?"
नाही, म्हटलं. यादीचं काढलंच नाही. चहा पिऊन आले.

४ ऑग., सोम.
हे.बां.ना सांगितलं, ती बोलते, मी स्वतः ऐकलंय.
"तुमच्याशी बोलली?"
"नाही. मी जिन्यात होते."
हसल्या. "बरं. शुक्रवारी शाळा चालवणारी कमिटी बघायला येतेय. त्यांच्यासमोर एक वाक्य बोलू दे, इंग्लिशमध्ये. बोलली तर राहील."
म्हणजे अकरा जणींना जे करू नका म्हणून घसा फोडला, तेच मी करायचं. नाही म्हणावं तर तिचं नाव आजच जातं. हो म्हटलं.
बाकी तिघांना कमी करण्याच्या कागदावर सही केली. त्यांना दुसरी शाळा मिळेल, असं मनाला सांगितलं. हे इथेच लिहिते, घरीही बोलले नाही.
ह्यांना फक्त प्रज्ञाचं सांगितलं. म्हणाले, "आधी कायम हो, मग क्रांती कर." कडाडून भांडले. माझ्याही मनात तेच होतं, म्हणून जास्तच.

७ ऑग., गुरु.
शाळा सुटताना प्रज्ञाची आई फाटकाशी उभी. वडिलांना ऑफिसात शाळेचा निरोप गेला होता म्हणे. "उद्या काय बोलायचं ते सांगा मॅडम. आज घोकून घेते तिच्याकडून."
म्हटलं, काही घोकून घेऊ नका. उद्याचा विषयच काढू नका. खेळू दे, पोटभर जेवू दे. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तस्सं सांगितलं.
आईने मान डोलावली, पण हलेना. "मंग बोलंल का ती?"
"बोलेल," म्हटलं.
बसमध्ये बसले. दुसऱ्या स्टॉपला उतरले, चालत सुलतान बाजारात परत गेले, जिना चढले. पर्समधला कागद काढून लिहिलं, माय नेम इज प्रज्ञा. आईला वाचता यावं म्हणून मराठी अक्षरांत. "एवढंच. शंभर वेळा म्हणून घ्या," म्हटलं. माझाच आवाज मला हे.बां.सारखा वाटला.
प्रज्ञा चुलीपाशी भात खात होती. माझ्याकडे बघत चावायची थांबली.
कमिटी उद्या सकाळी अकरा वाजता येणार आहे.