रविवारच्या आधी पाजलेलं एरंडेल

आई, तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. परवा लाखनीच्या बाजारात एका म्हातारीनं माझा हात धरला. "तुह्या मायनं माह्या सुनेले वाचवलं वं," म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. मी हसले, हो म्हटलं, आणि घरी येऊन भांडी आपटली. तुझ्याबद्दल वाईट ऐकून घेणारं गावाकडे कोणी नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे.

उपकेंद्राची नर्सबाई म्हणून आसपासच्या चार गावांत तुझा दरारा होता. नववा महिना सरला की सासवा सुनांना गरम दुधात एरंडेल पाजत, कळा लवकर सुरू व्हाव्यात म्हणून. ते तुझ्या कानावर आलं की तू सरळ त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहायचीस. "पोटातलं लेकरू म्हन्जे आंबा आहे काय, तनसात दाबून पिकवाले? त्याचा टाइम झाला का येते ते. फिरवा तिले, खजूर चारा. पन तेल पाजाल तं माह्याशी गाठ आहे!" मी शाळेतून येताना हे ऐकायची आणि मान ताठ करून चालायची.

माझं पहिलं बाळंतपण तुझ्याकडेच होतं. दिलेली तारीख उलटून चार दिवस झाले होते. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तुझ्या सोबतची नर्स तिकडे गेली आणि तिचीही गावं तुझ्या गळ्यात पडली, त्यामुळे तुला मोजून आठ दिवसांची रजा मिळाली होती. रविवारी पोलिओचे डोस होते, त्या दिवशी तुला हजर व्हायचंच होतं. तू मला रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून फिरवून आणायचीस, उकिडवं बसून फरशी पुसायला लावायचीस. ते मी आनंदानं केलं. गुरुवारी सकाळी मात्र तू चुलीपाशी कप घेऊन उभी आहेस आणि दुधाला तो चिकट वास येतो आहे.

"आई, हे तं एरंडेल आहे. तूच तं लोकाईले नाही म्हणतेस."

"लोकाईच्या घरी मी चोवीस तास राहातो काय? तुह्याजवळ आहो ना मी. पी मुकाट्यानं. रविवारच्या आधी मोकळी होऊन जाशील."

मी प्यायले. नर्सबाईची मुलगी नर्सबाईच्या हातचं पिणार नाही तर काय करणार? दुपारपर्यंत जुलाब आणि उलट्यांनी माझ्यात उभं राहायचं बळ उरलं नाही. कळा आल्या त्या एकीवर एक, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मग पाणी गेलं, आणि ते हिरवं होतं. बाळानं आतच शी केली होती. ते पाणी पाहून तुझा चेहरा कसा झाला, ते फक्त मी पाहिलं आहे. तारीख उलटली म्हणून माझे यजमान दुपारीच लाखनीहून आले होते. त्यांनी जीप आणली, आपण भंडाऱ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगातलं पाणी इतकं कसं आटलं? काही घेतलं होतं का? काढा, तेल?" मी "नाही" म्हणाले. तू ते खोडून काढलं नाहीस.

पोट कापून मुलगी काढली. ती रडली नाही. तिला सहा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. आणि रविवारी तू पोलिओला गेलीस! माझ्या पोरीच्या नाकात नळी होती आणि तू दुसऱ्यांच्या पोरांचे गाल दाबून तोंडात थेंब टाकत होतीस. रजा नव्हती, ठाऊक आहे मला. ते मला सांगू नकोस.

ती जगली, धडधाकट आहे, स्कुटी दामटत कॉलेजला जाते. म्हणून सोडून द्यावं का? दिलंही असतं. पण महिनाभरानं मी टाक्यांचं पोट धरून आतल्या खोलीत पडले होते आणि ओसरीवर तुझा आवाज चढला. समोर कोणाची तरी सासू होती. "तेल पाजलं तं पोलिसात देईन, सांगून ठेवतो!" एक शब्दही अडखळला नाही तुझा. आता ही आत येईल, माझ्याकडे बघेल, काहीतरी बोलेल, असं वाटून मी दाराकडे पाहत राहिले. तू आलीस. विचारलंस, "भात खाल्ला काय वं?" त्यानंतर जितकी वर्षं तू जगलीस, तितकी वर्षं भाताचंच विचारलंस. एकदा, फक्त एकदा, "चुकलं माह्यं" म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं?

हे पत्र पेटीतल्या साड्यांखाली राहील. पाठवायचं म्हटलं तरी कुठं पाठवू? पण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, यजमानांनाही नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तू बोलायला तोंड उघडलं होतंस. "मॅडम, मीच..." एवढं तुझ्या तोंडून आलंही होतं. मी तुझं मनगट दाबलं आणि "नाही" म्हणाले. यजमान दाराशी उभे होते, आणि माझी आई नर्स आहे हे मी सासरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं.